एक भाकर, एक प्याला



आपल्या भाषेंत 'उष्टें' असा एक शब्द आहे. इंग्रजींत त्याला नेमका प्रतिशब्द नाहीं. एकाच्या ओठांना लागलेलें भांडें दुसऱ्यानें आपल्या ओठांना लावणें ही गोष्ट आपल्याकडे आई आणि मूल यांच्यांत घडते. फार तर दोन जिवलग मित्रांत घडते. परक्याशीं ती घडत नाहीं. आणि ज्याची जात आपल्याहून खालची मानली त्याच्याशीं ती घडावी, ही कल्पनासुद्धां या देशांतील कित्येक पिढ्यांना सहन झाली नसती. अशा या देशांत एखाद्या रविवारीं ख्रिस्ती मंदिरांत जाऊन पाहावें. उपासना संपत आली कीं पाळक एक भाकर मोडतो आणि एक प्याला उचलतो. लोक पुढें येतात, गुडघे टेकतात आणि एकामागून एक त्याच प्याल्याला ओठ लावतात. कोर्टांतला वकील आणि त्याच कोर्टाचें आवार झाडणारा, शाळेची मुख्याध्यापिका आणि तिच्या घरीं भांडीं घासणारी बाई, हीं शेजारीं शेजारीं गुडघे टेकून बसलेलीं असूं शकतात. या विधीला आम्ही प्रभुभोजन म्हणतों.

ख्रिस्ती मंडळींतील ऐक्य हा आजच्या माझ्या भाषणाचा विषय आहे. ऐक्याविषयीं ठराव पुष्कळ झाले, ग्रंथ पुष्कळ निघाले. त्यांची योग्यता मी कमी लेखीत नाहीं. परंतु ऐक्य खरें कीं खोटें याची कसोटी शेवटीं या एका प्याल्याशीं लागते, असें मला वाटतें. माझ्या श्रोत्यांपैकीं पुष्कळजण ख्रिस्ती नसतील. तरीहि माणसें एकत्र कशीं येतात आणि एकत्र आल्यावरहि दूर कशीं राहतात, हा प्रश्न कोणा एका धर्माचा नसल्यामुळें, आमच्या घरांतील ही गोष्ट त्यांनाहि अगदींच परकी वाटणार नाहीं.

मंडळींत फूट पडणें ही आजकालची गोष्ट नव्हे. ती जवळजवळ ख्रिस्ती धर्माइतकीच जुनी आहे. इ. स. ५४-५५ च्या सुमारास संत पौलानें ग्रीस देशांतील करिंथ नगराच्या मंडळीला एक पत्र लिहिलें. तें नव्या करारांत आजहि वाचावयास मिळतें. ती मंडळी स्थापन होऊन त्या वेळीं चारपांच वर्षेंच झालीं होतीं. पण तेवढ्यांत तिच्यांत दोन भांडणें उपस्थित झालीं होतीं. पहिलें भांडण नांवांचें होतें. कोणी स्वतःला पौलाचा म्हणवी, कोणी अपुल्लोसाचा, कोणी केफाचा. ज्या गुरूनें शिकविलें त्याच्या नांवानें तट पडले होते. दुसरें भांडण पंगतीचें होतें. त्या काळीं प्रभुभोजन हें सर्वांनीं मिळून करावयाच्या जेवणाशीं जोडलेलें असे आणि तें एखाद्या सधन बंधूच्या घरीं होई. ज्यांना सवड होती ते लौकर येऊन जेवून घेत. मजूर आणि गुलाम दिवसाचें काम आटोपून येत तेव्हां त्यांच्या वांट्याला कांहीं उरत नसे. पौलानें या दोन्ही भांडणांची खरडपट्टी काढली. परंतु दुसऱ्याविषयीं त्याचे शब्द अधिक कठोर आहेत. तुम्ही जें जेवतां तें प्रभूचें भोजन नव्हेच, असा त्याच्या बोलण्याचा आशय आहे.

नांवांचें भांडण आणि पंगतीचें भांडण, हीं दोन निरनिराळीं आहेत हें आपण ध्यानांत ठेवूं या. पहिलें सभागृहांत मिटतें. दुसरें घरांत मिटावें लागतें. आमच्या देशांतील मंडळीनें पहिलें भांडण मिटविण्यासाठीं अनेक वर्षें खर्ची घातलीं. दुसऱ्याचें काय झालें तें पुढें सांगतों.

महाराष्ट्रांत नांवें कशीं आलीं तें प्रथम पाहूं. वसईकडे रोमन कॅथॉलिक मंडळी पोर्तुगीजांच्या काळापासून, म्हणजे सोळाव्या शतकापासून आहे. प्रॉटेस्टंट मिशनांपैकीं अमेरिकन मिशनचे लोक १८१३ सालीं मुंबईस उतरले आणि १८३१ सालीं तेव्हांच्या अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, त्यांनीं ठाणें घातलें. स्कॉटलंडची मंडळी पुणें आणि पुढें नागपूर येथें काम करूं लागली. इंग्लंडच्या चर्चचे लोक आले, अमेरिकन प्रेस्बिटेरियन कोल्हापुराकडे आले, मेथॉडिस्ट आले, मुक्तिफौज आली. प्रत्येकानें शुभवर्तमान आणलें तें आपापल्या देशाच्या इतिहासांत गुंडाळून. प्रत्येक मंडळीनें आपला कारभार आपण पाहावा, असें मानणारे काँग्रिगेशनल. वडिलांच्या सभेनें तो पाहावा, असें मानणारे प्रेस्बिटेरियन. बिशपावांचून मंडळीची घडी पुरी होत नाहीं, असें मानणारे अँग्लिकन. हे वाद सोळाव्या आणि सतराव्या शतकांतील ब्रिटनमध्यें पेटलेले. त्यांच्यापायीं तिकडे माणसें तुरुंगांत गेलीं, देशोधडीला लागलीं. पण गोदावरीच्या कांठच्या शेतमजुराला त्यांचें काय होय?

मिशनांनीं आपसांत कलह नको म्हणून मुलूख वांटून घेतले. हेतु चांगला होता. परिणाम मात्र असा झाला कीं, माणसाचा पंथ त्याच्या श्रद्धेनें न ठरतां भूगोलानें ठरूं लागला. नगराकडचा माणूस बहुधा काँग्रिगेशनल, कोल्हापुराकडचा प्रेस्बिटेरियन. नोकरीसाठीं मुंबईस आला कीं, गांवीं ज्याचें नांवहि ऐकलें नव्हतें अशा वादाचा तो वारस म्हणून उभा राही. पंडिता रमाबाईंसारख्या विदुषीलाहि या पसाऱ्यानें गोंधळून टाकिलें. १८८३ सालीं इंग्लंडांत वाँटेज येथें त्यांचा बाप्तिस्मा झाला. एका हिंदु धर्मांतील अनेक पंथ मागें टाकून आपण आलों, तर येथेंहि पंथांचा तसाच बाजार, असा अनुभव त्यांना आला; आणि १९०७ सालच्या आपल्या आत्मनिवेदनांत त्यांनीं तो मोकळेपणानें नमूद केला आहे. पंथाच्या अधिकाऱ्यांनीं सांगितलें म्हणून एखादी गोष्ट मानणें त्यांच्या बुद्धीला कधींच पटलें नाहीं. केडगांव येथील त्यांच्या मुक्तिसदनांत आश्रय मागणाऱ्या बाईला, तूं कोणत्या पंथाची, असें विचारण्याचें कारण नव्हतें.

एका बाबतींत मात्र मराठी ख्रिस्ती लोक कोणत्याहि ठरावापूर्वींच एक झाले होते. ती बाब म्हणजे गाणें. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा १८९५ सालीं अमेरिकन मिशनच्या द्वारें झाला. पण त्यांचीं पदें आणि अभंग यांना मिशनची सरहद्द माहीत नव्हती. काँग्रिगेशनल मंदिरांत तींच, प्रेस्बिटेरियन मंदिरांत तींच. 'उपासना संगीत' हें पुस्तक ज्याच्या हातीं असेल तो कोणत्या पंथाचा हें त्या पुस्तकावरून सांगतां येत नाहीं. खुद्द टिळकांना पंथांच्या भिंतींनीं इतकें कोंडल्यासारखें झालें कीं, १९१७ सालीं मिशनचा पगार सोडून ते साताऱ्यास गेले आणि 'देवाचा दरबार' नांवाची एक बंधुता त्यांनीं काढली. तींत बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे ख्रिस्ताचे दोन्ही प्रकारचे शिष्य यावेत, अशी त्यांची इच्छा होती. १९१९ सालीं ते वारले आणि तो दरबार पुरता भरलाच नाहीं. पण भारतीय माणूस ऐक्य मागूं लागला म्हणजे किती दूरवर हात पसरतो, हें त्यावरून दिसलें.

त्याच १९१९ सालीं, मे महिन्यांत, तामिळ देशांत समुद्रकांठच्या तरंगमबाडी येथें कांहीं पाळक जमले. हीच ती जागा, जेथें १७०६ सालीं भारतांतील पहिले प्रॉटेस्टंट मिशनरी उतरले होते. तेहतीस माणसें, बहुतेक सारीं भारतीय. त्यांत प्रमुख होते बिशप वेदनायगम् सॅम्युएल अझरैया. अँग्लिकन मंडळीचे ते पहिले भारतीय बिशप. १९१० सालीं एडिंबरा येथील जागतिक मिशनरी परिषदेंत त्यांनीं गोऱ्या मिशनऱ्यांना तोंडावर सांगितलें होतें कीं, तुम्ही आमच्यासाठीं पैसा दिला, देह झिजविला. आतां आम्हांला मित्र हवे आहेत. तरंगमबाडीस जमलेल्या मंडळींनीं असें जाहीर केलें कीं, या फुटी आम्हीं निर्माण केलेल्या नाहींत, त्या आम्हांला दुर्बळ करीत आहेत, आणि त्या पुढें चालविण्याची आमची इच्छा नाहीं.

येथून सुरू झालेली वाटाघाट अठ्ठावीस वर्षें चालली. अठ्ठावीस वर्षें! ऐकणारास हें हास्यास्पद वाटेल. पण अडचण कोठें होती ती समजून घेतली म्हणजे हंसूं येणार नाहीं. अँग्लिकनांचें म्हणणें, पाळकाला दीक्षा बिशपाच्या हस्तार्पणानें मिळाली पाहिजे. इतरांच्या पाळकांना ती तशी मिळालेली नव्हती. मग त्यांनीं पुन्हां दीक्षा घ्यावयाची काय? ज्या म्हाताऱ्या पाळकानें तीस वर्षें खेड्यापाड्यांतून प्रभुभोजन दिलें, मरणाऱ्यांच्या उशाशीं बसून प्रार्थना केली, त्याला, तुझी दीक्षा पुरी नव्हती, असें सांगावयाचें? आणि न सांगावें तर अँग्लिकनांनीं शतकानुशतकें जपलेलें तत्त्व सोडावयाचें? दोन्ही बाजूंस माणसें प्रामाणिक होतीं. म्हणूनच वेळ लागला.

शेवटीं जो मार्ग निघाला तो असा. ऐक्याच्या दिवशीं जे पाळक आहेत ते जसे आहेत तसे सर्वांनीं स्वीकारावेत. पुन्हां दीक्षा कोणालाहि नाहीं. त्यापुढें मात्र सर्व दीक्षा बिशपांच्या हातून व्हाव्यात. आणि कोणत्याहि मंडळीवर तिच्या सदसद्विवेकबुद्धीला न पटणारा पाळक किंवा उपासनापद्धति लादूं नये, असें एक वचन सर्वांनीं एकमेकांना दिलें. अशा रीतीनें २७ सप्टेंबर १९४७ रोजीं मद्रास येथील सेंट जॉर्ज कॅथीड्रलमध्यें दक्षिण भारत ख्रिस्तमंडळी अस्तित्वांत आली. केवळ सहा आठवड्यांपूर्वीं देश स्वतंत्र झाला होता आणि दुभंगलाहि होता. उत्तरेंत धर्माच्या नांवानें रक्त वाहत असतां दक्षिणेंत एका धर्माचे विभक्त भाऊ एका छताखालीं आले. तें पाहावयास अझरैया नव्हते; १९४५ सालच्या पहिल्याच दिवशीं त्यांनीं देह ठेवला होता. या ऐक्याची किंमतहि द्यावी लागली. जगांतील अँग्लिकन बिशपांचें १९४८ सालीं लॅम्बेथ येथें जें संमेलन भरलें, त्यांत या नव्या मंडळीविषयीं एकमत होऊं शकलें नाहीं. भाऊ जोडतांना मातृगृहाचें दार अर्धवट लागलें, अशी ती स्थिति होती.

महाराष्ट्राचा संबंध येतो तो उत्तरेकडील ऐक्याशीं. तेथील बोलणीं १९२९ सालीं सुरू झालीं आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजीं आपल्या नागपुरांत फळास आलीं. सहा मंडळ्या एक होऊन उत्तर भारत ख्रिस्तमंडळी झाली. त्यांत अँग्लिकन होते, काँग्रिगेशनल आणि प्रेस्बिटेरियन यांची १९२४ सालीं झालेली संयुक्त मंडळी होती, ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथॉडिस्ट होते, आणि शिवाय बाप्टिस्ट, ब्रेदरेन व डिसायपल्स हेहि होते. या शेवटच्या तिघांमुळें येथें एक नवाच पेंच होता. ते तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा देत नाहींत. समज आल्यावर स्वतः विश्वास कबूल करणारालाच देतात. यावर असें ठरलें कीं, दोन्ही पद्धति मंडळींत राहाव्यात. एका घरचें मूल तान्हेपणीं बाप्तिस्मा घेईल. शेजारच्या घरचें मूल आशीर्वाद घेऊन वाढेल आणि मोठेपणीं बाप्तिस्मा घेईल. दोघेंहि एकाच मंडळीचे पुरे सभासद. पाळकांच्या दीक्षेचा प्रश्न येथें निराळ्या रीतीनें सुटला. निरनिराळ्या मंडळ्यांच्या प्रतिनिधींनीं एकमेकांच्या मस्तकावर हात ठेवून प्रार्थना केली. कोणाला काय कमी होतें याचा हिशेब कोणी मांडला नाहीं. जें कमी असेल तें देवानें भरून काढावें, एवढेंच मागितलें. ज्याच्या दीक्षेबद्दल काल शंका घेतली, आज त्याच्याच हाताखालीं मस्तक नमवावयाचें. मला या सबंध इतिहासांत याहून सुंदर क्षण दुसरा दिसत नाहीं.

तें ऐक्य पुरें झालें असें मात्र नाहीं. अमेरिकन परंपरेची मोठी मेथॉडिस्ट मंडळी वाटाघाटींत अनेक वर्षें होती. पण ऐन १९७० सालीं तिनें बाहेर राहण्याचें ठरविलें. रोमन कॅथॉलिक आणि इतर कित्येक मंडळ्या वेगळ्याच आहेत. त्यांना मी दोष देत नाहीं. घाईनें बांधलेल्या घरापेक्षां शेजारधर्म पाळणारीं दोन घरें बरीं.

येथपर्यंत नांवांचें भांडण झालें. तें बरेंचसें मिटलें. आतां पंगतीच्या भांडणाकडे वळतों.

१८३३ सालीं कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनीं दक्षिणेंतील मंडळ्यांना एक पत्र पाठविलें. तंजावर आणि मद्रासजवळचें वेपेरी येथील ख्रिस्ती लोकांत उच्च जातीचे एका बाजूस आणि खालच्या मानलेल्या जातींचे दुसऱ्या बाजूस बसत. प्रभुभोजनालाहि आधीं हे, मग ते, असा क्रम असे. म्हणजे प्याला एक, पण उष्टें कोणी कोणाचें प्यावयाचें हें ठरलेलें. हें ताबडतोब बंद झालें पाहिजे, असें बिशपांनीं लिहिलें. त्याचा परिणाम असा झाला कीं, कित्येक कुटुंबांनीं मंडळीच सोडली. या लोकांत आणि त्यांच्या मागें बसणारांत पंथाचा भेद नव्हता. नांव एक, धर्ममत एक, प्रार्थनापुस्तक एक. तुटलें तें पंगतीवर.

शंभर वर्षांनीं काय स्थिति होती? १९३८ सालीं सोलापूर येथें डॉ. बाबासाहेब आंबेडकर ख्रिस्ती समाजापुढें बोलले. बुद्ध आणि ख्रिस्त या दोन विभूतींविषयीं त्यांनीं आदर व्यक्त केला. आणि त्याबरोबरच दक्षिणेंतील ख्रिस्ती मंदिरांत जातिभेद पाळला जातो हेंहि त्यांनीं बजावलें. जातीचें ओझें टाकण्यासाठीं नवें घर शोधणाऱ्या माणसाची ती दृष्टि होती. त्या दृष्टीला आमच्या दाराची कमान दिसली नाहीं. आंतली पंगत दिसली. या देशांतील ख्रिस्ती समाजापैकीं फार मोठा भाग ज्या जातींना गांवकुसाबाहेर ठेवण्यांत आलें त्यांतून आलेला आहे. त्यांनीं ख्रिस्ताला जवळ केलें तें, निदान येथें तरी आपला प्याला वेगळा नसेल, या आशेनें. आमच्या ऐक्यांत पणाला काय लागलें आहे तें हेंच. पाळकाची दीक्षा कोणाच्या हातून, या प्रश्नाचें उत्तर लांबलें तर एक पिढी थांबूं शकते. पण विवाह जुळवितांना जुनी जात हळूच विचारली जाते, मंडळीच्या निवडणुकींत ती मोजली जाते, तेव्हां माणसाची आशाच मोडते.

याच्या उलट एक उदाहरण आमच्याच मराठींत आहे. लक्ष्मीबाई टिळकांचीं 'स्मृतिचित्रें' १९३४ सालापासून भागाभागानें प्रसिद्ध झालीं आणि मराठी घराघरांत वाचलीं गेलीं. पतीनें धर्म बदलल्यानंतर कांहीं वर्षांनीं त्या त्याच्याकडे राहावयास आल्या, पण चूल वेगळी, पाणी वेगळें, सोंवळें कडक. पुढें कोणी बळजबरी केली नसतां, केवळ स्वतःशीं विचार करून, माणसामाणसांतला हा भेद देवाचा नव्हे, अशी त्यांची खात्री झाली आणि त्यांनीं जात टाकली. कोणाच्याहि हातचें खाऊं-पिऊं लागल्या. त्यांचा बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० सालीं झाला. क्रम ध्यानांत घ्यावा. लक्ष्मीबाईंनीं आधीं पंगत एक केली आणि मग नांव घेतलें. आमच्यापैकीं पुष्कळांनीं नांव आधीं घेतलें. पंगतीचें काम अजून बाकी आहे.

हें मी दुसऱ्यांवर टीका म्हणून बोलत नाहीं. माझी स्वतःची एक गोष्ट सांगतों. आमच्या मंडळींत एकदां समितीच्या निवडणुकीवरून दोन तट पडले. वाद मंदिराच्या आवारांतील एका खोलीच्या भाड्याचा. पण तो कोर्टापर्यंत गेला. मग लोक मंदिरांत सुद्धां डाव्या आणि उजव्या बाजूला वांटून बसूं लागले. मी एका तटाचा चिटणीस होतों आणि दुसऱ्या तटाच्या पुढाऱ्याविषयीं माझें मन इतकें कडू झालें होतें कीं, त्याच्या मागोमाग त्या प्याल्याला ओठ लावणें मला अशक्य वाटे. मीं प्रभुभोजनास जाणें सोडलें. कारणहि शास्त्रांतलेंच शोधलें. वेदीवर दान अर्पितांना भावाच्या मनांत तुझ्याविरुद्ध कांहीं आहे असें आठवलें तर दान तेथेंच ठेव आणि आधीं समेट कर, अशी प्रभूची शिकवण आहे. समेट झालेला नाहीं, म्हणून मी दूर राहतों, असें मी सर्वांना सांगत असें. आणि मनांतल्या मनांत स्वतःला फार सूक्ष्म विवेकाचा मनुष्य समजत असें.

सुमारें दीड वर्ष असें गेलें. आमच्या मंडळींत एक वृद्ध बाई होत्या. त्यांना अक्षरओळख बेताचीच. सगळे त्यांना आजी म्हणत. एके रविवारीं त्यांनीं मला दाराशीं थांबविलें आणि विचारलें, "बाळा, तूं भोजनाला कां बसत नाहींस?" मीं माझें नेहमींचें उत्तर दिलें. आजींनीं तें शांतपणें ऐकून घेतलें. मग म्हणाल्या, "अरे, प्रभूनं जा म्हणून सांगितलंय. घरी बस म्हणून कुठं सांगितलंय?"

त्या दिवशीं माझा तो सूक्ष्म विवेक पार उतरला. दान वेदीपाशीं ठेवण्याची अर्धी आज्ञा मीं पाळली होती. उठून भावाच्या घरीं जाण्याची अर्धी टाळली होती. त्या आठवड्यांत मी त्या गृहस्थांच्या घरीं गेलों. नाटकांत घडतें तसें कांहीं घडलें नाहीं. त्यांनीं बसा म्हटलें. त्यांच्या पत्नीनें चहा आणला. आम्हीं पावसाविषयीं, मुलांच्या शाळेविषयीं बोललों. निघतांना मीं म्हटलें, "मी आपल्याविषयीं नको तें बोललों आहें. क्षमा करा." ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "बोललों तर मीहि आहें." एवढेंच. दावा त्यानंतरहि कांहीं महिने चालला आणि त्या खोलीविषयींचें माझें मत आजहि त्यांच्याहून निराळें आहे. परंतु पुढच्या प्रभुभोजनाला आम्ही एकाच ओळींत गुडघे टेकून होतों आणि प्याला त्यांच्याकडून माझ्याकडे आला.

त्या दिवसापासून ऐक्य आणि एकमत यांतला भेद मला कळूं लागला. एकमत नसतांहि ऐक्य असूं शकतें; नागपूरच्या त्या सहा मंडळ्यांनीं बाप्तिस्म्याच्या बाबतींत तेंच दाखवून दिलें. आणि एकमत असतांहि ऐक्य नसूं शकतें. तंजावर आणि वेपेरी येथें तेंच दिसलें. मतें जुळविणें हें विद्वानांचें काम आहे. त्याला वेळ लागतो आणि तो लागूं द्यावा. पंगत जुळविण्यास मात्र विद्वत्ता लागत नाहीं. उठून दुसऱ्याच्या घरीं जावें लागतें, त्याच्या घरचें पाणी प्यावें लागतें, आणि आपल्या मुलांचे विवाह ठरवितांना जो प्रश्न आपण दबलेल्या आवाजांत विचारतों तो विचारणें बंद करावें लागतें.

२०२० सालच्या साथीनंतर कित्येक मंडळ्यांनीं सामाईक प्याला बाजूस ठेवून लहान लहान निराळे पेले वापरण्यास सुरुवात केली. आरोग्याच्या दृष्टीनें त्यांत वावगें कांहीं नाहीं; कांहीं परंपरांत ते पूर्वींपासूनच होते. पेला लहान असो कीं मोठा असो, आजाराची भीति आणि माणसाची किळस या दोन गोष्टींत आपण गल्लत केली नाहीं म्हणजे झालें. ज्याचें उष्टें प्यावयास माझी तयारी आहे तो माझा भाऊ आहे. ज्याचें उष्टें प्यावयास माझी तयारी नाहीं, त्याला मंदिरांत कितीहि वेळां भाऊ म्हटलें तरी तो शब्द पोकळच राहतो.

येत्या रविवारीं माझ्या ख्रिस्ती बंधुभगिनींपैकीं जे उपासनेला जातील, त्यांनीं आपल्या शेजारीं कोण बसलें आहे तें पाहावें. आणि आपल्या शेजारीं बसावयास कोण टाळतो, किंवा आपण कोणाच्या शेजारीं बसावयाचें टाळतों, हेंहि पाहावें. तेथून त्याच्या घराचा रस्ता फार लांब नसतो.